पलंग

उत्तरायणाला आमच्या अगाशीत तीस-पस्तीस माणसं असतात.
कारेलीबागेत तेवढी सगळ्यांकडेच असतात.
शेरडीच्या गंडेऱ्या, बोटांना चिकटपट्ट्या,
शेजारच्या धाब्यावरून ‘काप्यो छे!’
यंदा वर सगळे नाचत असताना
खाली, झाकण काढून ठेवलेल्या उंधियूत
छताचा एक पोपडा पडला.
बिस्किटाएवढा.
मी तो चमच्याने काढला, कुणाला बोललो नाही.
उंधियू वाढलाही. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

छत्तीस वर्षं मी रिफायनरीत पाइपांची जाडी मोजली.
आठ मिलिमीटरचा सहावर आला की लाल खडूची फुली,
पाचावर आला की शटडाऊन.
साहेब म्हणायचे, अजून एक वर्ष काढेल.
मी म्हणायचो, पाइपाला विचारून सांगतो.
हे वाक्य तिथे माझ्या नावावर होतं.

घरी मात्र दर मे महिन्यात
पांढऱ्या सिमेंटची पिशवी घेऊन मीच वर,
भेगेत बोटाने भरायचं,
वरून फुटक्या कपबश्यांची कपची दाबायची,
आणि सप्टेंबरात म्हणायचं, यंदा कमी होतं नाही?
डाग आधी बशीएवढा होता,
मग ताटाएवढा, मग परात.
पाहुणे विचारायचे. आम्ही पंखा वाढवायचो.

संक्रांतीनंतर ऋत्वी पांचाळ आली.
वय असेल सव्वीस. स्कूटीच्या डिकीत टॉर्च,
एक वही, आणि सोनाराकडे शोभेल अशी हातोडी.
मी शिडी धरली, बोलायला लागलो
सळ्या किती, रेती कुठली,
ती म्हणाली, काका, जरा गप्प राहाल?
मला ऐकायचंय.

ठक्. ठक्. ठक्.
कुंभाराकडे आई माठ वाजवून बघायची तसं.
ठक्. ठक्.
आणि खिडकीपासून दोन हात अलीकडे
ढब्.

तिला सांगावं लागलं नाही.
आयुष्यभर पगार घेऊन
मी हाच आवाज शोधत हिंडलो होतो.

‘केव्हापासून गळतंय?’
‘यंदाच,’ मी म्हणालो.

ती आता छताकडे बघत नव्हती.
फरशीकडे बघत होती.
कोट्याच्या लादीवर लोखंडी पलंगाच्या पायांचे
गंजके ठसे,
चार, त्यांच्यापासून चार बोटांवर आणखी चार,
मग पुन्हा चार.
खिडकीकडून निघालेला आमचा पलंग
कपाटाचं दार अर्धंच उघडेल इथवर आला होता
आणि मी रोज त्याच्यावर झोपत होतो.
तिने टॉर्चने एकेक ठसा मोजला.
‘काका, अकरा पावसाळे.’

कुमुद दारात चहा घेऊन उभी.
‘झाडताना सरकला असेल,’ मी म्हटलं.
‘झाडताना नाही,’ ती म्हणाली.
‘तुम्ही सिमेंट लावून खाली उतरलात
की मी सरकवायची.’
मग ऋत्वीला, साखर किती, असं विचारलं.

अहवाल सात पानांचा आला, फोटोंसकट.
बारा चौरस फूट पोकळ, सळ्या फुगलेल्या,
दुरुस्ती होईपर्यंत या खोलीत झोपू नये,
गच्चीवर गर्दी नको.
फी अडीच हजार.
मी मनात अकरा वर्षांच्या पिशव्या गुणायला घेतल्या
आणि मध्येच सोडून दिल्या.

पलंग पुढच्या खोलीत नेला
त्या रात्री मला झोप येईना.
उठलो, जुनी स्टीलची टेप काढली,
उकिडवा बसून ठशांमधली अंतरं मोजली.
तीन इंच. तीन. साडेतीन. तीन.
एकाच ठिकाणी पावणेदोन फूट.

आठवायला वेळ लागला नाही.
त्या वर्षी मी दोन पिशव्या लावल्या होत्या,
आणि खाली येऊन, हात धुता धुता,
सगळ्या घराला सांगितलं होतं,
आता दहा वर्षं बघायला नको.